अर्धा कोयता

ऊसतोडीच्या तळावर तपासणी करायची तर रात्रीच. दिवसा तिथे म्हातारी माणसं, लेकरं आणि कुत्री, एवढीच वस्ती उरते. जानेवारी २०२५. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर धारूरकडची टोळी उतरली होती. स्थलांतरित मजुरांमधल्या क्षयरोगाच्या अभ्यासात मी प्रश्नावली भरायला होते. आमच्यासोबत हातात धरायचं एक्स-रे मशीन, जरा मोठ्या कॅमेऱ्याएवढं, बॅटरीवर चालणारं.

प्रश्न ठरलेले. दोन आठवड्यांहून जास्त खोकला? ताप? वजन घटलं? रात्री घाम येतो? चारही प्रश्नांना सगळ्यांचं एकच उत्तर, नाही. मागच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कोणीतरी छाती फुटेस्तोवर खोकत असायचं आणि माझ्या समोरचा मान हलवत असायचा. वजनाचं विचारलं तर एक बाई हसली. बाळंतपणात दवाखान्यात काट्यावर उभी राहिली होती, त्यानंतर काटा बघितलाच नव्हता. खोकला आहे म्हटलं की उद्या फडात येऊ नको म्हणतील, मग खाडा पडला, आणि खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, वळते. हा हिशेब त्यांना आमच्या फॉर्मपेक्षा चांगला कळत होता.

टोळी आणणारा मुकादम सगळीकडे आमच्यासोबत. अंगठा उठवणाऱ्यांच्या संमतीपत्रावर त्रयस्थ साक्षीदार लागतो, तर हा पेन काढून तयारच. "मॅडम, तुम्ही कशाला तरास घेता, सगळ्यांची सही मीच करतो की." त्याला कसंबसं वाटेला लावलं आणि गावातल्या आशाताईंना बोलावून घेतलं.

साडेनऊच्या सुमाराला एक जोडपं आलं. नवरा खोकत होता, म्हणजे त्यानं तसं कबूल केलं नाही, पण ऐकू येत होतं. बायको सव्वीस-सत्तावीसची, काखेत दोन वर्षांचं पोर. तिचा नंबर आला तर म्हणाली, "मला काई झालं नाई. त्येंचा काढा." नियम सांगितला, पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांचा काढायचा. दिवस गेलेत का ते विचारलं, नव्हते. गळ्यातली काळी पोत काढायला ती तयार होईना. शेवटी तिनं ती वर ओढून दातांत धरली आणि तशीच, दात आवळून, प्लेटला छाती टेकवून उभी राहिली. श्वास रोखा म्हणायची गरजच पडली नाही.

नवऱ्याची छाती स्वच्छ निघाली. बिडी आणि पाचटाची धूळ असावी. तिच्या चित्रावर संगणकानं उजव्या बाजूला वरती लालभडक डाग रंगवला.

आता चूक सांगते. लॅपटॉप मी टेबलावर ठेवला होता तो रांगेच्या तोंडाला. वळवायला हवा होता. वळवला तेव्हा पुढच्या पाच-सहा जणांनी बघून झालं होतं. लाल म्हणजे काय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यांना कळलं होतं.

२०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, हा आकडा मी प्रशिक्षणात दोनदा लिहून घेतला होता. तो असा, पोत दातांत धरून समोर उभा राहील असं वाटलं नव्हतं.

बेडका तपासायला रात्री दिलेल्या डबीत नुसती लाळ आली. खरा नमुना सकाळचा, आणि यांची सकाळ म्हणजे चार. त्यानंतर ट्रॅक्टर निघतो. मी साडेतीनला गाडी घेऊन हजर. थंडी मरणाची. कोप्यांपासून लांब, बांधावर, ती आणि मी. मोबाईलचा उजेड डबीवर धरला. "थुंकी नको, बेडका पाहिजे," मी म्हटलं. पण खोकलाच नाही तर बेडका यायचा कुठून? चूळ भरायला लावली. मग लांब श्वास, थांबा, पुन्हा. तीन वेळा काहीच नाही. चौथ्यांदा पोटातून एक खोकला आला आणि डबीच्या तळाला चिकट पिवळसर काहीतरी पडलं. तिनं डबी उजेडाकडे धरून बघितली, झाकण स्वतःच घट्ट लावलं, पदराला हात पुसले आणि ट्रॅक्टरकडे पळाली.

ग्रामीण रुग्णालयात गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र आहे. दुपारपर्यंत निकाल आला. क्षयरोग आहे, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा आहे, एवढं बरं.

तिला सांगितलं तेव्हा ती रोगाबद्दल काहीच बोलली नाही. "उचल दोघांची हाय," एवढंच म्हणाली. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक बसला की अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला फडात किंमत नाही. डॉक्टरांनी निदान पंधरा दिवस विश्रांती सांगितली. नवव्या दिवशी ती मोळ्या बांधत होती.

बाकीचं पटापट झालं. पोराची तपासणी करून प्रतिबंधक गोळी सुरू केली. तिच्या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होईल, घाबरू नका, हे तिला दोनदा सांगितलं. पोषणाचे महिन्याला १,००० रुपये जमा व्हायला खातं लागतं. लाडक्या बहिणीचं होतं, तेच दिलं. अडलं ते निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर पत्ता भरताना. कारखान्याचा पट्टा मार्चमध्ये पडणार, हंगाम संपणार, आणि उपचार सहा महिन्यांचे, म्हणजे जुलैपर्यंत. इथला पत्ता टाकावा तर ती दोन महिन्यांत गायब, गावचा टाकावा तर आज गोळ्या देणार कोण? इथे नोंद करून मार्चमध्ये बदली करायची, असं ठरलं. पोर्टलवर बदली एका बटणाची. प्रत्यक्षात मी तिकडच्या एसटीएसना, म्हणजे क्षयरोग उपचार पर्यवेक्षकांना, सात फोन केले, आणि टोळी निघाली त्या रात्री महिनाभराच्या गोळ्यांची पाकिटं तिच्या पिठाच्या डब्यात ठेवून आले.

जुलैच्या शेवटी तिच्या दिराच्या नंबरवर फोन लावला. पेरणी झाली होती. गोळ्या संपल्या, शेवटचा बेडकाही तपासून झाला, काही निघालं नाही. पोर बरं आहे. मी अभिनंदन वगैरे म्हणाले. तिकडे जरा शांतता.

"मॅडम, औंदाच्या उचलीचं बोलणं चालू हाय. मुकादम म्हणतो, तुझा फोटू लाल आला व्हता. तसला एक चांगला फोटू काढून द्या ना, आन् त्येच्यावर शिक्का मारा."