डाव्या पायातली टक

डावा पाय दाबला की टक. उजवा दाबला की काही नाही. कर्वे रस्त्यावरच्या गोंगाटात ती टक कुणाच्या कानावर पडत नाही, मला मात्र ती तळपायाला ऐकू येते. एकदा का पायाला तिची सवय लागली की माणूस सायकल चालवत नाही, नुसता पुढच्या टकची वाट बघत बसतो.

सायकल वडिलांची. काळी, दांड्याची, चोवीस इंची. तिची क्रँक, म्हणजे पायडल जिच्या टोकाला असतं ती पट्टी, ॲक्सलवर, म्हणजे मधल्या आसावर, धरून ठेवते ती कॉटर पिन, करंगळीहून बारीक पोलादी तुकडा, एका अंगाने तिरपा तासलेला. थोडक्यात, पाचर. कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला की आजोबा लाकडाची ठोकायचे, तीच ही, फक्त लोखंडी. आपल्याकडे ‘पाचर मारली’ म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी काम बिघडवलं. भाषेने तिच्यावर जरा अन्यायच केलाय. गोष्टीतल्या माकडाने तरी ती उपटल्यावरच त्याची शेपटी अडकली ना!

माझा इलाज ठरलेला होता. दर रविवारी पाना घेऊन कॉटरचा नट आवळायचा. सोमवारी शांतता, बुधवारी टक. पुढच्या रविवारी आणखी जोर. अशाच एका रविवारी पान्याखाली काहीतरी मऊ लागलं आणि नट गरगर फिरायला लागला. आटे गेले.

मग बाणेदारपणे नवी पिन आणून स्वतःच ठोकली. टक गेली. पण चालवताना वाटे, आपण लंगडतोय. उतरून पाहिलं तर एक पायडल बाराच्या काट्यावर आणि दुसरं सहाच्या जरा पुढे. दोन बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे असतात, तरच दोन्ही क्रँका एका रेषेत येतात. मी दोन्ही एकाच दिशेने घातले होते. शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, “काय रे, पाय मुरगळला का?” मी हो म्हणालो. सगळं कुठे सांगत बसा.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. त्याने माझी जुनी पिन हातात घेऊन बोटाने चाचपली. तिरप्या अंगावर चकचकीत पायरी पडली होती. “काका, नटानं काय होतंय? नट नुसता राखणीला बसलाय. धरायचं काम पिनीचं.” म्हणजे इतके रविवार मी राखणदाराचा गळा आवळत होतो.

नवी पिन त्याने थेट घातली नाही. घालून पाहिली, काढली, कानशीचे दोन हात मारले, पुन्हा घातली. मग क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचेल असा लोखंडी पाइप उभा केला. घाव त्या पाइपातून जमिनीत जायला हवा, नाहीतर तो ॲक्सलभोवतीच्या छऱ्यांवर जातो आणि ते ज्यात फिरतात त्या वाटीत खड्डे पडतात. हातोड्याचे तीन घाव, मग नट. पुन्हा दोन घाव, नट पुन्हा थोडा फिरला. “दोन दिवस चालवा आन् परत या. पिन बसली की नट ढिला पडतो.” मला वाटलं, धंद्याची युक्ती असेल. गेलो तर त्याने एक घाव घातला, नट पाव वळसा फिरवला आणि पैसे घेतले नाहीत.

भाच्याच्या गिअरवाल्या सायकलीत हे काहीच नाही. तिथे ॲक्सलचं टोक चौकोनी, निमुळतं. त्यावर ॲल्युमिनियमची क्रँक चढवायची आणि बोल्टने आवळायची. इथे बोल्ट खरोखरच काम करतो. म्हणून भाचा निर्धास्त होता. बोल्ट सैल झाला तरी आठवडाभर तसाच कॉलेजला जात राहिला. पोलादाने ॲल्युमिनियम खाल्लं, चौकोनी भोकाचे कोपरे गोल झाले. आता कितीही आवळा, संध्याकाळपर्यंत पुन्हा सैल. त्याला नवी क्रँकच घ्यावी लागली. माझी पिन चहाच्या पैशांत आली, हे मी त्याला दोनदा ऐकवलं.

परवा सिग्नलला एक दूधवाला शेजारी येऊन थांबला. कॅरिअरला दोन्हीकडे किटल्या. हिरवा दिवा लागला, त्याने उजव्या पायावर भार टाकला आणि मला ऐकू आलं. “दादा, उजवा कॉटर!” मी ओरडलो. त्याने मागच्या चाकाकडे पाहिलं, हवा आहे की नाही म्हणून, आणि गेला.