बॅटरीला आग लागली आणि माझा पुढचा तास वाचला

दर गुरुवारी रात्री आम्ही काही शिक्षक व्हिडिओ कॉलवर भेटतो, कोण कुठला, बहुतेक जण एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलेही नाहीत, आणि विषय एकच, या आठवड्यात वर्गात काय वापरलं आणि त्याचं काय झालं. सुरुवातीला मी जायचे ती नवीन ॲप्सची नावं लिहून घ्यायला. वहीत तीसेक नावं झाली असतील, त्यातली वापरली दोन. खरं सांगायचं तर "हे ॲप खूप छान आहे, मुलांना आवडलं" या वाक्यातून दुसऱ्या शिक्षकाला काहीच मिळत नाही. किती मुलं होती, मोबाईल किती होते, नेट होतं का, पहिली दहा मिनिटं कशात गेली, हे सांगा ना!

माझंच सांगते. दहावीला विद्युतधारा शिकवताना मी फेटची सर्किटवाली सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरच जोडून बघायचा प्रयोग, लावली. (फेट (PhET) म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा अशा सिम्युलेशन बनवणारा प्रकल्प, २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. वेबसाइटवर सिम्युलेशन फुकट वापरता येतात, आणि बऱ्याच सिम्युलेशन डाउनलोड करून ठेवल्या की नेट नसलं तरी चालतात, हे मला फार उशिरा कळलं.) माझा बेत असा की आधी साधं सर्किट, मग रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग), मग मोजमाप, सगळं ओळीने. पण एका पोराने बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली, करंट बेसुमार वाढला आणि स्क्रीनवर चक्क ज्वाळा! झालं, पाच मिनिटांत अख्खा वर्ग बॅटऱ्या पेटवत बसला, माझी वर्कशीट तशीच कोरी, आणि मी ओरडतेय ते कोणाच्या कानात शिरत नाहीये.

गुरुवारी हे सांगताना मला लाज वाटत होती. सगळे हसले, पण एक सर म्हणाले, "मॅडम, मग आगीपासूनच सुरू करा की. बॅटरी पेटेल असं सर्किट बनवा म्हणावं, आणि मग एकच वस्तू घालून ती विझवून दाखवा."

दुसऱ्या तुकडीवर तेच केलं. पोरांनी बल्ब घातला, रेझिस्टर घातला, आग विझली, मग करंट मोजायला अँमीटर लावून बघितलं तर ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रेझिस्टर, करंट ०.९ अँपिअर. आता रेझिस्टर कमी कमी करत गेलं तर कधी पेटेल, हे एका मुलीनेच विचारलं आणि तिथून ओहमचा नियम (व्होल्ट भागिले ओहम म्हणजे करंट) मला सांगावा लागलाच नाही, फळ्यावर फक्त लिहावा लागला.

तेव्हापासून माझं मत झालंय की या कॉलवर फसलेला तास घेऊन यावं. जमलेल्या तासावर कोणी प्रश्न विचारत नाही, फसलेल्यावर दहा जण सुचवतात. २००७ मध्ये कोलोरॅडोतल्याच बर्गमन आणि सॅम्स या केमिस्ट्रीच्या दोन शिक्षकांनी गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली, पुढे त्यातूनच धडा घरी व्हिडिओवर बघायचा आणि सराव वर्गात करायचा ही पद्धत आली, तिला जगभर फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात, पण तिचीही सुरुवात अडचणीतूनच, मुलं तासाला नसायची. असो.

एका गोष्टीवरून मात्र मी एकदा कॉलवर भांडलेय. काही जण कौतुकाने रिझल्टचे स्क्रीनशॉट दाखवतात आणि त्यात पोरांची पूर्ण नावं, मार्क, कधी फोटोसुद्धा. त्या पोराला विचारलंय का? नावं झाकायला अर्धं मिनिट लागतं. (मी स्वतः एकदा चाचणीची लिंक परवानगी न देता पाठवली होती आणि रात्रभर "ॲक्सेस द्या"च्या मेल येत होत्या, त्यामुळे फार शहाणपणा शिकवत नाही.)

सध्या प्लिकर्सचं चाललंय, म्हणजे अख्ख्या वर्गाची उत्तरं एकदम टिपून घेणारं ॲप. ज्यांच्या वर्गात मुलांकडे मोबाईल नाहीत त्यांनी हे बघाच, फोन फक्त शिक्षकाचा लागतो, मुलांना कागदी कार्ड द्यायचं, चार बाजू म्हणजे ए बी सी डी, हवं ते उत्तर वर धरायचं आणि आपण कॅमेरा फिरवायचा. प्रत्येक कार्डावरचं चित्र वेगळं असल्यामुळे शेजारच्याचं बघून तसंच धरलं तरी उपयोग नाही. कार्डं लवकर चुरगळतात म्हणून मी हौसेने सगळी चकचकीत लॅमिनेट करून आणली, आणि काल वर्गात ट्यूबलाइटचा उजेड त्यावर असा पडला की खिडकीकडची अर्धी रांग फोनला दिसेचना. कार्डं तिरकी करा, खाली घ्या, वर घ्या, असं करत तासाची घंटा झाली.

उद्या गुरुवार आहे, कार्डं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवणारे.