मातीला काय कळतंय

“मातीला काय कळतंय, बाईनं उपसली का बाप्यानं?” रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) कामावर एक मावशी घमेलं खाली ठेवत म्हणाल्या. शेतात बाईला मजुरी कमीच, इथं मापाप्रमाणे सारखी, म्हणून इथं बरं वाटतं म्हणे.

पण खातं त्यांचं, जमा झाल्याचा मेसेज पोराच्या मोबाईलवर आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात, हे काही डोक्यातून जाईना.

१९७२च्या दुष्काळातही खडी फोडायला बाया होत्याच. रोजगार हमीच्या २००५च्या कायद्यात तर सहा वर्षांखालची पाच पोरं असली की सांभाळायला त्यातलीच एक बाई नेमायची असं चक्क लिहिलं होतं. इथं तान्हं बाळ लिंबाखाली झोळीत आणि झोका द्यायला त्याची सात-आठ वर्षांची बहीण, शाळा बुडवून.

तुमच्याकडे कामावर पोरं सांभाळणारी बाई कुणी बघितलीय का?