काळी पोलो, बोअरचं पाणी आणि कोटिंग: फेब्रुवारी ते दसरा

गाडी २०१७ ची फोक्सवॅगन पोलो, काळी, चाकणच्या कारखान्यातली, माझ्याकडे सेकंड हँड आलेली. पुण्यात सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असते, म्हणजे थेट ऊन कमी आणि धूळ भरपूर. काळा रंग धुतल्यावर तासभरच काळा दिसतो, हे काळी गाडीवाल्यांना सांगायला नको. फेब्रुवारीपासून काय काय केलं ते सलग लिहून ठेवतोय. रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या, म्हणजे कोटिंगच्या बाटलीवर सगळेच बोलतात, पण सगळ्या कामात तिचा वाटा अगदी थोडा होता, म्हणून इथेही तिला तेवढीच जागा.

फेब्रुवारी: मायक्रॉन मोजणे

पॉलिशला हात लावायच्या आधी मित्राकडून रंगाची जाडी मोजणारं पेंट थिकनेस गेज आणलं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर ई-कोट (गंज रोखणारा), प्रायमर, बेसकोट (रंगाचा) आणि क्लिअरकोट (सगळ्यात वरचा पारदर्शक) असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यात क्लिअरकोटच्या वाट्याला ३५ ते ५० येतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. घरगुती गेज फक्त एकूण जाडी सांगतं, त्यातला क्लिअरकोट किती ते सांगत नाही. बंपर प्लास्टिकचे, तिथे ते काहीच दाखवत नाही.

बॉनेट ११० ते १२५. टप १०५ च्या आसपास. डाव्या बाजूचे दरवाजे ११५. उजवीकडचा मागचा दरवाजा २४०, आणि खालच्या कडेला ३१० पर्यंत, म्हणजे पुन्हा रंगवलेला. 'एकही पॅनल रंगवलेलं नाही' असं सांगून विकलेली ही गाडी. असो. रंग जुळवणाऱ्याचं मात्र कौतुक, उन्हातसुद्धा फरक कळत नाही.

ही मोजणी शोभेची नाही. क्लिअरकोटमध्ये अतिनील किरण अडवणारी द्रव्यं असतात, आणि बरीचशी संरक्षक ताकद त्याच्या वरच्या भागात असते. दर वर्षी 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्या गाड्यांचा टप सात-आठ वर्षांत पांढुरका होऊन सोलायला लागतो, त्यामागे ऊन असतं आणि हेही असतं. टपाचे १०५ पाहून तिथे कंपाउंड (जास्त खरवडणारं पॉलिश) लावायचं नाही, हे त्याच दिवशी ठरवलं.

धुणं आणि दादा

स्वर्ल मार्क, म्हणजे उन्हात दिसणारे बारीक गोल ओरखडे, पॉलिशने जातात आणि फडक्याने परत येतात. सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा आहेत. एक बादली, एक फडका, वीस गाड्या. माझ्या गाडीचा नंबर बहुधा बारावा, म्हणजे आधीच्या अकरा गाड्यांची वाळू माझ्या बॉनेटवर. त्यांना म्हटलं, "दादा, उद्यापासून बाहेरून हात लावू नका. आतली मॅट झटका आणि आतून काचा पुसा, बस." त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मग पगार कसला देणार साहेब?" पगार तोच ठेवला. या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला खर्च हाच, आणि मी हे अजिबात गमतीने लिहीत नाहीये.

आता धुणं असं: आधी प्रेशर वॉशरने फोम, पाच मिनिटं निथळू द्यायचा, मग दोन बादल्या. एकीत न्यूट्रल पीएचचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत. टपापासून खाली यायचं, चाकांना वेगळा मिट. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जातो.

पाण्याचं मात्र थांबून सांगायला हवं. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ६०० च्या पुढे जातो. काळ्या गाडीवर थेंब वाळला की कॅल्शियमचं कडं उरलंच. शेजारच्या काकांनी सुचवलं, "आरओचं वाया जाणारं पाणी वापर ना, आम्ही त्यानेच धुतो." काकांचा हेतू पाणी वाचवण्याचा, तो चांगलाच आहे. पण आरओ यंत्र क्षार गाळून त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलतं, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड. लादी पुसायला उत्तम, काळ्या गाडीला नको. मी एसीच्या पाइपाखाली कॅन लावला. ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. माझ्या मीटरवर २० च्या आत आलं. ते कापडातून गाळून पंपाच्या फवाऱ्यात भरतो आणि शेवटचं खळबळणं त्याने करतो. उन्हाळ्यात हे पाणी हवं तेवढं, थंडीत बोंब.

मार्चची सुरुवात: जांभळं पाणी

धुतलेल्या गाडीवर हात पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घालून फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. डिकीवर आणि चाकांच्या मागच्या पट्ट्यात माझी पिशवी अक्षरशः अडकत होती. ब्रेकचे लोखंडी कण रंगात रुतून गंजलेले असतात, त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर. सावलीत, थंड पत्र्यावर मारला. दोन मिनिटांत काळ्या रंगावरून जांभळे ओघळ वाहायला लागले. रसायन लोखंडाला धरतं, त्याचा तो रंग. वास सडक्या अंड्याचा, त्यामुळे वरच्या मजल्यावरून 'गॅस लीक झालाय का?' अशी विचारणा झाली. वाळू न देता धुऊन टाकला.

डांबर निघालं. मग क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी चिकट माती. शेजारी इमारत उठतेय, त्यामुळे टपावर सिमेंटचे बारीक ठिपके होते. भरपूर लुब्रिकंट मारून, जोर न देता, क्ले सरळ रेषेत मागे-पुढे. गोल गोल नाही. तुकडा हातातून जमिनीवर पडला की कचऱ्यात, कितीही नवा असो. क्लेने बॉनेटवर थोडे नवे पुसट ओरखडे येतात, त्यांची धास्ती घेऊ नका. पुढे पॉलिश करायचंच आहे. पॉलिश करायचं नसेल तर काळ्या गाडीला क्ले लावूच नका.

मार्च: पॉलिश

मशीन १५ मिलिमीटर थ्रोचं ड्युअल अ‍ॅक्शन (फिरताना डुलणारं), पाच इंची पॅड. नुसतं गोल फिरणारं रोटरी माझ्या हातात शोभत नाही, आणि गॅरेजमधल्या रोटरी व लोकरी पॅडचे होलोग्राम (चमकणारे पट्टे) उन्हात बघितल्यावर शोभवून घ्यायची इच्छाही उरत नाही.

पत्र्याच्या कडा, बॉनेटच्या उंच रेषा, बॅज, रबर, सगळीकडे मास्किंग टेप. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो.

बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन आखून चाचणी घेतली. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश. चमक आली, स्वर्ल जागच्या जागी. फोक्सवॅगनचा क्लिअरकोट कडक असतो असं हौशी मंडळींत बोललं जातं, माझ्या बॉनेटपुरतं ते खरं ठरलं. मग मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिश, थोडा फरक. शेवटी मायक्रोफायबरचं कटिंग पॅड आणि कंपाउंड. चार फेऱ्या आडव्या-उभ्या, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा, मशीन एवढ्या सावकाश की शेजारी उभा राहणारा कंटाळून निघून जावा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसून घेतलं. हे पुसणं चुकवायचं नाही, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून ते लपवतं आणि आपण खुश होतो. पुसल्यावर एलईडी टॉर्च तिरपा धरला. बल्बच्या प्रतिबिंबाभोवतीची ओरखड्यांची जाळी गेली होती. नुसता काळा रंग, आणि त्यात नखाला लागतील असे दोन लांब ओरखडे.

ते दोन ओरखडे मी तसेच ठेवले. नख अडकतं म्हणजे ते काढायला किती क्लिअरकोट खरवडावा लागेल याचा हिशेब गेज आधीच सांगून गेलं होतं. कटिंगनंतर बॉनेटचं मोजमाप दोन-तीन मायक्रॉनने उतरलं होतं. एवढं चालतं. ओरखड्यांच्या कडा गोलसर झाल्यामुळे ते आता विशिष्ट कोनातूनच दिसतात. स्टुडिओवाले '१०० टक्के करेक्शन' म्हणतात, तेव्हा त्यांना आधीचं आणि नंतरचं मोजमाप मागावं. चेहरा बघण्यासारखा होतो.

उजवा मागचा दरवाजा अगदी वेगळा निघाला. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. गाडी जोडून झाल्यावर रंगवलेलं पॅनल ६० अंशांच्या आसपासच भाजता येतं, कारण तेव्हा गाडीत प्लास्टिक, रबर, वायरिंग सगळं असतं. त्या दरवाजाचा क्लिअरकोट मऊ होता. कंपाउंडने त्यावर लगेच धुकं आलं. बॉनेटवर हरलेली मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशची जोडी इथे एका दमात जिंकली. एकाच गाडीवर दोन रेसिपी लागतात ते असं. म्हणून 'पोलोला कुठलं कंपाउंड?' या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही, आधी गेज विचारतो.

काम पहाटे पाच ते नऊ. नंतर पत्रा तापतो, कंपाउंड वाळून पावडर उडते आणि पुसताना चिकटून बसतं. प्रत्येक पॅनलनंतर पॅड ब्रशने साफ.

मार्चअखेर: कोटिंग

बाटली ३० मिलिलिटरची, हॅचबॅकला पुरून उरली. सिलिका आणि पॉलिसिलाझेन जातीची रसायनं हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करून घट्ट होतात, म्हणून हवेचा ओलावा महत्त्वाचा. पुण्यात मार्चमध्ये हवा कोरडी, लावायला आणि पुसायला निवांत वेळ मिळतो. जुलैत हेच काम केलं तर कोटिंग पुसायच्या आधीच धरून बसतं आणि काळ्या रंगावर पट्टे उरतात. एका पॅनलचा अर्धा भाग घ्यायचा, आडवं-उभं लावायचं, पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसला की आखूड धाग्याच्या कापडाने पुसायचं, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने. टॉर्च फिरवून राहिलेले पट्टे लगेच बघायचे, घट्ट झाल्यावर ते पॉलिशनेच निघतात. कोटिंग लावायचे सुएडचे तुकडे वापरून फेकायचे, सुकले की त्यांचेच खडे होतात.

पहिले २४ तास पाणी नाही, आठवडाभर शॅम्पू नाही. त्याच आठवड्यात संध्याकाळी अवकाळी आला. गाडी स्टिल्टखालीच होती आणि मी ऑफिसला बसने जात होतो, त्यामुळे आमचं दोघांचंही निभावलं.

आता कोटिंगच्या जाहिरातींतल्या त्या '९एच'बद्दल. हा पेन्सिलीच्या कडकपणाचा मापदंड आहे. ठरलेल्या वजनाने पेन्सिल रंगावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात. ९एच ही त्या चाचणीतली सगळ्यात कडक पेन्सिल. खनिजांच्या मोह्‌स मापाशी तिचा संबंध नाही, आणि रस्त्यावरच्या वाळूत क्वार्ट्‌झ असतं, मोह्‌सवर ७. कोटिंगचा थर जेमतेम मायक्रॉनभराचा. त्याने खडी थांबत नाही, किल्लीचा चरा थांबत नाही, फडक्याची वाळूही थांबत नाही. खडीसाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), ती १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म, तिचा खर्च वेगळा. कोटिंगने मिळतं ते असं: घाण कमी धरते, पाणी पळतं, पक्ष्यांच्या विष्ठेला रंग खायला जास्त वेळ लागतो, आणि धुताना मिट घसरतो म्हणून ओरखडे कमी पडतात. मला तेवढं पुरे होतं.

जून ते श्रावण

पहिल्या पावसात बॉनेटवर मोत्यांसारखे थेंब उभे राहिले, त्याचे फोटो सगळेच टाकतात, मीही टाकले. श्रावणात त्याच थेंबांनी छळलं. सर येते, लगेच ऊन पडतं. साध्या रंगावर पाणी पसरून वाळतं, कोटिंगवर प्रत्येक थेंब आपल्या जागी उभा राहून आटतो आणि त्याच्यातली सगळी धूळ व क्षार एकाच ठिपक्यात सोडतो. ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये हे रोज. उपाय: पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, मिनिटभर ओलं फडकं ठेवून, मग स्वच्छ पाणी. ताजे डाग यानेच जातात. शिळे झाले की कोटिंगमध्ये खड्डा पाडतात.

ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलो. जांभ्याचा लाल चिखल सिल्सपासून (दरवाजाखालच्या पट्टीपासून) खिडकीपर्यंत. घरी आल्यावर नुसत्या प्रेशर वॉशरने दरवाजे काळे झाले, हात लावावा लागला नाही. चाकांच्या कमानी आणि कोटिंग न केलेलं काळं प्लास्टिक मात्र दोन धुण्यांनंतरही तांबूसच.

गणपती आणि दसरा

विसर्जनाच्या दिवशी गुलाल बसला तर कोरडा झटकू नका, पुसू नका, आधी भरपूर पाणी. दसऱ्याचा तह आईशी करावा लागला. "गाडीला कुंकू नाही तर पूजा कसली?" हा तिचा मुद्दा. ओलं हळदकुंकू क्लिअरकोटवर दिवसभर उन्हात वाळवायचं नाही, हा माझा. ठरलं असं की स्वस्तिक पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात. झेंडूची माळ तारेऐवजी दोऱ्याची, आणि ती ग्रिलला बांधायची, बॉनेटवर लोळवायची नाही. लिंबं चाकांखाली, नारळ गाडीपासून चार हात लांब. आईने तरी बॉनेटवर एक बोट टेकवलंच. संध्याकाळी पाण्याने निघालं.

आता राहिलंय ते पुढच्या काचेचं. बोअरच्या पाण्याचे जुने डाग वायपरच्या कमानीत पक्के बसलेत, व्हिनेगरला दाद देत नाहीत. सेरियम ऑक्साइडची पावडर आणून ठेवलीय. फेल्ट पॅडने हाताने घासायचं की ड्युअल अ‍ॅक्शनवर रेयॉनचं पॅड लावायचं, हे ज्यांनी काळ्या गाडीच्या काचेवर केलंय त्यांनी सांगावं. डिसेंबरपर्यंत एसी बंद होईल, त्यामुळे पाण्याचीही काही सोय असेल तर तीही.