कल्पित प्रजासत्ताकाची सनद आणि आजोबांचा कागद

गेली तीन वर्षे मी एका कादंबरीवर काम करतो आहे. तिच्यातला देश नकाशावर कुठेही नाही. सरंजामी राजवट नुकतीच उलथून टाकलेले ते एक गरीब, डोंगराळ प्रजासत्ताक आहे आणि एका पिढीत शाळा, दवाखाने व कायद्यापुढची समानता आणायचीच, असा त्याच्या संस्थापकांचा ध्यास आहे. त्यांच्या सनदेतली पाच तत्त्वे चटकन लिहून झाली : राजा नाही, जहागिरी नाही, धर्म कारभारापासून दूर, स्त्रियांना मताचा हक्क, कसेल त्याची जमीन. सहाव्या तत्त्वापाशी मात्र मी अडलो, कारण ते भाषेचे होते.

पहिल्या मसुद्यात मी तुर्कस्तानचा कित्ता जवळजवळ जसाच्या तसा गिरवला होता. १९२३ मध्ये प्रजासत्ताक झालेल्या त्या देशाने नोव्हेंबर १९२८ मध्ये कायदा करून अरबी लिपी सोडली आणि लॅटिन लिपी स्वीकारली. त्याचे राष्ट्राध्यक्ष केमाल अतातुर्क स्वतः खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले. नवी अक्षरे शिकायला सोपी होती, साक्षरता वाढली, आणि हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण पुढच्या पिढीतल्या नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना.

ही अडचण मला पुस्तकांतून कळली असती, तर कदाचित मी ती तळटीपेत टाकली असती. ती कळली आमच्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीत. वडिलांनी जपून ठेवलेला एक निजामी स्टॅम्पचा कागद तीत होता, घड्यांवर फाटलेला, फसली १३४६ सालचा, म्हणजे १९३६-३७ चा. मजकूर उर्दूत, खाली आजोबांची सही मोडीत, आणि आम्हाला येते ती फक्त बालबोध, म्हणजे देवनागरी. शेवटी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी भिंग लावून तो वाचून दाखवला. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या त्यात लिहिल्या होत्या : चार दिवस आमचे, तीन दिवस चुलत घराचे. याच पाळ्यांवरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षे अबोला होता. वडील तिथेच म्हणाले, "गुरुजी, एवढं एकदा पुन्हा वाचा."

मराठवाड्यात हा अनुभव एकट्याचा नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दप्तर उघडले गेले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली.

निजामाच्या हैदराबादेतल्या उस्मानिया विद्यापीठाकडेही मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. १९१८ मध्ये, देशातली इतर विद्यापीठे इंग्रजीतून शिकवत असताना, तिथे उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, सुरू झाले आणि त्यासाठी शास्त्रांच्या पुस्तकांची भाषांतरे करणारा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही ज्या संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती, तिथे विद्येची भाषा दरबाराने ठरवली, ही गोष्ट त्या आदरामुळे लहान होत नाही. माझे संस्थापक दरबारी नाहीत, पण घाईत आहेत, आणि घाईतला सुधारकही रयतेला न विचारता तिची अक्षरे बदलू शकतो.

म्हणून सहावे तत्त्व मी नव्याने लिहिले आहे : मुलाचे पहिले शिक्षण त्याच्या घरच्या भाषेत होईल, राज्याने लिपी बदलली, तर जुनी लिपी वाचणारा एक पगारी माणूस प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत नेमला जाईल, आणि कोणत्याही कुटुंबाला आपला कागद त्याच्याकडून फुकट वाचून घेता येईल. सभागृहात एक सदस्य उठून विचारतो की दवाखान्याला पैसे नसताना हा खर्च कशासाठी. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर देणाऱ्या शेतकरी बाईचे भाषण मी सध्या लिहितो आहे.