टिबुकलीसाठी नांदूरमधमेश्वर

नाशिकजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात सगळे थंडीत जातात, रोहित (फ्लेमिंगो) आणि बाहेरून येणारी बदकं बघायला. आम्ही मुद्दाम ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच गेलो, कारण मला टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं बघायचं होतं. पहाटे नाशिकहून निघालो, निफाड मागे टाकलं, वाटेत द्राक्षबागांमधे छाटणीची गडबड चालू होती, आणि साडेसातला चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यापाशी पोचलो.

गोदावरी आणि कादवाच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला, मग वर्षानुवर्षं गाळ साठत गेला आणि उथळ पाणी, पाणवनस्पती, मधेच बेटं असं सगळं तयार झालं. महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून 2020 मधे हीच जाहीर झाली.

टिबुकली म्हणजे पाणडुबी, मूठभर पक्षी, शेपूट जवळजवळ नाहीच. विणीच्या दिवसात मानेला सुंदर तांबूस रंग येतो आणि चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका दिसतो. दिसली दिसली म्हणेपर्यंत बुडी मारते, आई आकडे मोजत होती, चौदा, सतरा, आणि बाहेर यायची भलतीकडेच. पाय अगदी मागे असल्याने जमिनीवर तिला धड चालता येत नाही, पण पाण्यात तेच पाय वल्ह्यासारखे चालतात, आणि बदकासारखा बोटांमधे पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळी झालर असते.

गाईडदादांनी लांबूनच स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, लावून दिला. लव्हाळ्याच्या कडेला सडक्या शेवाळाचा तरंगता ढीग, ते घरटं! इतक्यात वरून घार गेली आणि मादी की नर कोण जाणे, पटापट चोचीने ओलं गवत अंड्यांवर ओढून घेऊन पाण्यात गडप, मागे नुसता कचरा दिसतोय, शपथ. अंडी आधी पांढरी असतात, त्या ओल्या गवताने हळूहळू तपकिरी पडतात.

"ताई, आणखी पुढे नको," दादा म्हणाले, "आपण उभे असेपर्यंत ती परत येणार नाही." लगेच मागे फिरलो. मला खरंच वाटतं की फोटोसाठी कुणीही घरट्याजवळ जाऊ नये, आणि तलाव स्वच्छ करताना काठची लव्हाळी सरसकट उपटू नयेत, टिबुकलीचं घर त्यांनाच अडकवलेलं असतं.

निघताना दुसरी जोडी दिसली. एकीच्या पाठीवर, पंखांतून पट्ट्यापट्ट्यांचं इवलंसं डोकं बाहेर आलेलं. दुसरीने त्याला पीस भरवलं! हो, पीसच, ही मंडळी स्वतःची पिसं खातात आणि पिल्लांनाही देतात. आईने दुर्बीण मला परत दिलीच नाही.