कार्यक्रम रद्द झाला, अ‍ॅडव्हान्स कुणाचा?

नागपुरात मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला मार्च महिना फसवा. दुपारपर्यंत कडक ऊन असतं आणि चार वाजता आभाळ भरून गारा पडतात. मग आयोजक, कलाकाराचा मॅनेजर, साउंडवाले, मंडपवाले सगळे करारातल्या एकाच ओळीवर बोट ठेवतात: 'नैसर्गिक आपत्ती किंवा अपरिहार्य कारणाने कार्यक्रम रद्द झाल्यास कोणीही जबाबदार राहणार नाही.' पण घेतलेला अ‍ॅडव्हान्स परत करायचा की ठेवायचा, हे ती ओळ सांगतच नाही.

करार गप्प असला की १८७२ चा भारतीय करार कायदा लागतो. कलम ५६ नुसार काम अशक्य झालं तर करार रद्दबातल होतो, आणि कलम ६५ नुसार घेतलेला लाभ परत करावा लागतो. कलम ६५ खालचं एक उदाहरण तर मैफिलीचंच आहे: गाण्यासाठी १,००० रुपये आगाऊ घेतले आणि गाणारा आजारी पडला, तर आयोजकाचा बुडालेला नफा भरून द्यायचा नाही, पण ते हजार परत करायचे. विमानाची तिकिटं, तालमी यांवर झालेल्या खर्चाचं मात्र या कलमात स्पष्ट काही नाही. इंग्लंडमध्ये १९४३ च्या कायद्याने कोर्टाला असा खर्च वजा करता येतो. आपल्याकडे ही सोय करारातच करून ठेवायला हवी.

फोर्स मेजरचं, म्हणजे वरच्या ओळीसारखं आवाक्याबाहेरच्या कारणांचं, कलम करारात असेल तर त्याचेच शब्द बघितले जातात. एनर्जी वॉचडॉग खटल्यात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा वेळी करार कायद्याचं कलम ३२ (ठरावीक घटनेवर अवलंबून असलेले करार) लागतं, ५६ नाही. आणि काम नुसतं महाग झालं म्हणून सुटका होत नाही. तेव्हा तिकिटं खपली नाहीत, जनरेटरचं डिझेल वाढलं, ही कारणं टिकणं कठीण. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे पोलीस बंदोबस्त ताणलेला असतो, हे सगळ्या शहराला ठाऊक असतं. रात्री दहाची लाउडस्पीकरची मर्यादाही तशीच. आधीच माहीत असलेल्या अडचणीला आपत्ती म्हणता येत नाही.

सगळ्यात जास्त मार बसतो तो एकावर एक अवलंबून असलेल्या करारांच्या साखळीत. गायक आजारी पडला म्हणून ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा) उभारणं अशक्य होत नाही. साउंडवाल्याशी केलेल्या करारात 'अमुक कलाकाराचा कार्यक्रम' हाच पाया असल्याचं लिहिलेलं नसेल, तर त्याचे पैसे आयोजकाकडे निघतातच. पण त्याला मात्र 'प्रोग्राम झालाच नाही' म्हणून वाटेला लावलं जातं. हा अन्याय आहे. त्याचा ट्रक येऊन गेला, पोरांनी रात्रभर केबल ओढली. म्हणून त्याच्या करारात टप्पे लिहा: माल गोदामातून निघण्याआधी रद्द झालं तर ठरलेल्या रकमेच्या २५ टक्के, मैदानावर उतरल्यावर ६०, साउंडचेक झाल्यावर ९०. हे आकडे आपसात ठरवा, पण लिहा नक्की. कलाकाराच्या करारात झालेला खर्च बिलं दाखवून वजा करायचा आणि उरलेली रक्कम १५ दिवसांत परत द्यायची किंवा नव्या तारखेला वळती करायची.

'वादळ' हा शब्द मोघम आहे. ट्रस बनवणाऱ्याने वाऱ्याची जी मर्यादा दिली असेल, तो आकडा करारात घाला. स्टेजच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र लावा. एलईडी वॉल खाली घ्यायचा निर्णय कोण घेणार, त्याचं नाव लिहा. पाणी डिस्ट्रिब्युशन बोर्डात (जिथून सगळीकडे वीज वाटली जाते) शिरलं, ब्रेकर वारंवार पडू लागला, की कार्यक्रम थांबवायलाच हवा. तिथे मॅनेजरच्या होकाराची वाट बघायची नाही.

पुराव्याचं काम त्याच रात्री करायचं. सोनेगावच्या हवामान केंद्राचा आकडा सोनेगावचा असतो. रेशीमबागेत काय झालं ते त्यावरून सिद्ध होत नाही. वेळ दिसेल असे फोटो, यंत्राची नोंद, पोलिसांनी तोंडी थांबवलं असेल तर लेखी आदेशाची मागणी, आणि २४ तासांच्या आत ईमेलने नोटीस. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज कोर्टात दाखवायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन जपा.

इव्हेंटचा विमा घेतलात तर खराब हवामान आणि कलाकाराची गैरहजेरी त्यात खरंच आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या. बऱ्याचदा दोन्ही वेगळे घ्यावे लागतात.

सही करण्याआधी शेवटचं पान जरूर वाचा. मुंबईच्या एजन्सीच्या छापील करारात बहुधा 'वाद मुंबईतच चालतील' असं असतं. दीड-दोन लाखांच्या अ‍ॅडव्हान्ससाठी दर तारखेला मुंबई गाठणं नागपूरच्या लहान आयोजकाला झेपत नाही, आणि तो पैसा सोडून देतो. तिथे 'नागपूर' लिहून घ्या, नाहीतर लवाद ऑनलाइन चालेल असं तरी.